बांधणी कमी, काम अचूक : कुपवाडच्या यंत्रशाळा आणि बहुअक्षीय मिलिंग यंत्रे

सांगली जिल्हा म्हटला की हळद, द्राक्षे, ऊस आणि सहकार यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु कृष्णाकाठच्या या जिल्ह्याची आणखी एक ओळख आहे आणि ती लोखंडाची आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळील माळरानावर कारखाना उभारला आणि तेथून लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊ लागले. शेजारच्या सातारा जिल्ह्यात १९२२ साली धनजीशा कूपर यांचा कारखाना सुरू झाला. पुढे १९४७ साली धोंडुमामा साठे यांच्या प्रयत्नांतून सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. तेच आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय होय. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली व राज्यात ठिकठिकाणी औद्योगिक क्षेत्रे आखली गेली. सांगली व मिरज या दोन्ही शहरांना लगत असलेले कुपवाड हे त्यांपैकीच एक. १९९८ साली सांगली, मिरज व कुपवाड यांची मिळून महानगरपालिका झाली आणि कुपवाडचे नाव शहराच्या नावात कायमचे जोडले गेले.

अशा औद्योगिक क्षेत्रात मोठ्या कारखान्यांच्या बरोबरीने अनेक लहान यंत्रशाळा असतात. पंपाचे घर, झडपेचे अंग, गिअरपेटी, वाहनांचे सुटे भाग अशी कामे बाहेरून घेऊन ती मापात करून द्यावयाची, हा त्यांचा व्यवसाय. एका यंत्रशाळेत पाच ते पंचवीस माणसे काम करतात. ही माणसे बहुधा आसपासच्या गावांतली असतात. घरी थोडी शेती आणि कारखान्याची पाळी असा त्यांचा दिवस असतो. म्हणूनच यंत्रशाळेच्या उंबरठ्याआत काय घडते, हा केवळ कारखानदाराचा प्रश्न राहत नाही. गावातील मुलाला काम मिळते की नाही, मिळाल्यास त्यात तो वर चढतो की जागच्या जागी राहतो, याचा निर्णय पुष्कळ अंशी तेथेच होत असतो.

गेल्या काही दशकांत या यंत्रशाळांतील हातचाकाच्या यंत्रांची जागा संगणक-नियंत्रित यंत्रांनी घेतली आहे. त्यांतही चार व पाच अक्षांची मिलिंग यंत्रे आता लहान उद्योजकांच्या विचारात येऊ लागली आहेत. अशा यंत्राची किंमत मोठी असते व ते बहुधा कर्ज काढूनच घ्यावे लागते. तेव्हा या यंत्रांमुळे कार्यक्षमता वाढते म्हणजे नेमके काय होते आणि ती केव्हा वाढत नाही, हे उद्योजकाप्रमाणेच प्रशासनातील अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी व पंचायतीच्या सदस्यांनीही समजून घेणे उपयुक्त ठरेल.

मिलिंग म्हणजे काय?

धातूला आकार देण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. कुंभाराच्या चाकावर मडके फिरते आणि हात एका जागी असतो. लेथ यंत्राचे काम याच धर्तीवर चालते; धातूची वस्तू फिरते व हत्यार तिला कापते. सुतार मात्र फळी शिकंज्यात घट्ट आवळतो आणि तिच्यावर रंधा चालवितो. मिलिंगची रीत याच्या जवळची आहे. येथे वस्तू टेबलावर घट्ट बांधलेली असते आणि अनेक दात असलेले कटर वेगाने फिरत तिच्यावरून जाते. ज्या वस्तूवर काम चालते तिला यंत्रशाळेत सर्वत्र 'जॉब' म्हणतात व जे कापून निघते तिला 'चिप'. लेथवर गोल वस्तू होतात. सपाट पृष्ठभाग, खाचा, कप्पे व वक्र पृष्ठभाग मिलिंगवर होतात.

जुन्या मिलिंग यंत्रावर टेबल पुढेमागे, डावीउजवीकडे आणि वरखाली सरकविण्यासाठी तीन हातचाके असत. कारागीर चाकावरील रेघा मोजून टेबल सरकवी. त्याची नजर, त्याचा हात आणि कटरचा आवाज ओळखणारा त्याचा कान, यांवर कामाचा कस ठरे. एखादी सरळ खाच करणे या पद्धतीने सोपे होते. परंतु वक्र पृष्ठभाग करावयाचा तर एकाच वेळी दोन-तीन चाके मोजूनमापून फिरवावी लागत आणि ते माणसाच्या हाताला जवळजवळ अशक्य होते.

नेमक्या याच अडचणीतून संख्यांनी चालणारे यंत्र जन्मास आले. अमेरिकेत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती तयार करण्याच्या कामात होते. पात्याची वक्रता मोजलेल्या बिंदूंच्या आकड्यांत मांडावयाची व त्या आकड्यांनीच यंत्र हलवावयाचे, ही त्यांची कल्पना होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील प्रयोगशाळेने ती पुढे नेली आणि १९५२ साली छिद्रे पाडलेल्या फितीवरील सूचनांनुसार चालणारे तीन अक्षांचे मिलिंग यंत्र जगापुढे आले. पुढे फितीची जागा संगणकाने घेतली. आपल्या देशात १९६२ साली बंगळूर येथे यंत्रावजारांच्या संशोधनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. आज संगणक-नियंत्रित यंत्रे भारतातही तयार होतात व लहान यंत्रशाळांतूनही ती दिसतात.

अक्ष म्हणजे काय?

आपला हात पुढेमागे नेता येतो, डावीउजवीकडे नेता येतो आणि वरखाली करता येतो. या झाल्या तीन सरळ हालचाली. यंत्राच्या भाषेत त्यांना एक्स, वाय आणि झेड असे तीन अक्ष म्हणतात. परंतु मनगट वळलेच नाही तर तव्यावरची भाकरी उलटता येईल काय, किंवा कुलपात किल्ली फिरविता येईल काय? हात कोठेही पोहोचला तरी मनगटाच्या वळणावाचून पुष्कळ कामे अडून राहतात. यंत्रालाही असे मनगट दिले म्हणजे चौथा आणि पाचवा अक्ष होतो. हे अक्ष सरकण्याचे नसून फिरण्याचे असतात व त्यांना ए, बी, सी अशी नावे आहेत. काही यंत्रांत जॉब ठेवलेले टेबल झुकते आणि स्वतःभोवती फिरते. काहींत कटर धरणारे मस्तक कलते. काहींत या दोहोंची वाटणी केलेली असते.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. पाच अक्षांचे काम दोन प्रकारांनी होते. पहिल्या प्रकारात फिरणारे दोन अक्ष जॉबला हव्या त्या कोनात आणून कुलूप लावल्याप्रमाणे स्थिर होतात आणि मग कापण्याचे काम उरलेले तीन सरळ अक्ष करतात. यास यंत्रशाळेत 'तीन अधिक दोन' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पाचही अक्ष एकाच वेळी हलत राहतात. पंपातील पंख्याची वळणदार पाती किंवा टर्बाइनची पाती यांसाठी हा दुसरा प्रकार लागतो. पंपाचे घर, झडपेचे अंग, गिअरपेटी यांसारख्या पेटीवजा वस्तूंना बहुधा पहिला प्रकार पुरेसा होतो. कोणत्या कामासाठी कोणता प्रकार लागतो याचा विवेक न करता यंत्र घेतले तर न वापरल्या जाणाऱ्या क्षमतेचे व्याज भरीत बसावे लागते.

वेळ कोठे जातो?

संगणक-नियंत्रित यंत्र पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम त्याच्या वेगाकडे जाते. काचेच्या दाराआड पांढऱ्या पाण्याचे फवारे उडत असतात, कटर डोळ्याला दिसणार नाही अशा गतीने फिरत असते आणि काही क्षणांत हत्यार आपोआप बदलले जाते. साहजिकच कार्यक्षमता म्हणजे वेगाने कापणे, असा समज होतो. वस्तुतः यंत्रशाळेतील वेळेचा मोठा भाग कापण्यात जातच नाही. तो जातो जॉब बांधण्यात.

सहा बाजूंचा ठोकळा टेबलावर ठेवला की त्याची खालची बाजू झाकली जाते. वरून येणाऱ्या कटरला पूर्णपणे हाती लागते ती वरची एकच बाजू. दुसऱ्या बाजूवर काम करावयाचे तर जॉब सोडावा लागतो, टेबल व जॉब पुसावा लागतो, जॉब नव्याने आवळावा लागतो, डायल लावून तो सरळ बसला आहे की नाही हे पाहावे लागते आणि मोजण्याचा आरंभबिंदू पुन्हा ठरवावा लागतो. या सर्व क्रियेला यंत्रशाळेत 'सेटिंग' म्हणतात. आपण तिला बांधणी म्हणू. बांधणी चालू असेपर्यंत यंत्र उभे असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बिडाच्या एका पेटीवर पाच बाजूंनी काम आहे. प्रत्येक बांधणीला २० मिनिटे लागतात, म्हणजे पाच बांधण्यांना १०० मिनिटे. प्रत्यक्ष कापण्यास सर्व मिळून ६० मिनिटे. एकूण वेळ १६० मिनिटे. आता यंत्रशाळेने महागडी हत्यारे आणून कापण्याचा वेग दुप्पट केला असे समजा. कापण्याची ६० मिनिटे ३० वर आली, परंतु बांधणीची १०० मिनिटे तशीच राहिली. एकूण वेळ १३० मिनिटे झाला. बचत झाली ३० मिनिटांची, म्हणजे सुमारे १९ टक्के.

उलटपक्षी, कापण्याचा वेग मुळीच न वाढविता बांधण्या पाचवरून दोनवर आणल्या तर काय होते ते पाहू. पहिल्या बांधणीत पायाची बाजू करून घेतली आणि दुसऱ्या बांधणीत जॉब त्या पायावर बसवून, टेबल फिरवून व झुकवून उरलेल्या चारही बाजू एकापाठोपाठ केल्या. बांधणीची ४० मिनिटे व कापण्याची ६० मिनिटे मिळून १०० मिनिटे झाली. बचत ६० मिनिटांची, म्हणजे साडेसदतीस टक्के. कटर पूर्वीच्याच वेगाने फिरले, तरीही पहिल्या उपायाच्या दुप्पट वेळ वाचला. बहुअक्षीय यंत्राचे खरे बळ या हिशेबात आहे. ते जॉब अधिक वेगाने कापते म्हणून नव्हे, तर तो पुनःपुन्हा सोडावा-बांधावा लागत नाही म्हणून वेळ वाचतो.

याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे बांधणी यंत्राच्या बाहेर करणे. काही यंत्रांना दोन पाट असतात. एका पाटावरील जॉब आत कापला जात असताना कामगार बाहेरच्या पाटावर दुसरा जॉब बांधून ठेवतो; आतले काम संपताच पाटांची अदलाबदल होते. या व्यवस्थेत बांधणीचा वेळ नाहीसा होत नाही, परंतु त्यासाठी यंत्राला थांबावे लागत नाही.

वेळेबरोबर अचूकताही

बांधणी कमी होण्याचा दुसरा लाभ पहिल्याहून मोलाचा आहे. जॉब कितीही काळजीपूर्वक बांधला तरी प्रत्येक बांधणीत थोडी चूक राहतेच. ती ०.०२ मिलिमीटर धरली, तर पाच बांधण्यांमध्ये चार वेळा जॉब नव्याने बसवावा लागत असल्याने, सर्व चुका एकाच दिशेने पडल्यास पहिल्या व शेवटच्या बाजूंमध्ये ०.०८ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण एवढीच असते. ऐकावयास हे क्षुल्लक वाटते. परंतु गिअरपेटीतील दोन धारव्यांची छिद्रे एका रेषेत नसतील तर दात आवाज करू लागतात, झिजतात आणि शेवटी पेटी परत येते. परत आलेल्या मालात बीड, वीज, मजुरी आणि ग्राहकाचा विश्वास हे सर्वच गमावलेले असते. ज्या बाजूंचे परस्परांशी नाते महत्त्वाचे आहे त्या एकाच बांधणीत केल्या, तर त्यांच्यामध्ये बांधणीची चूक शिरण्यास वावच राहत नाही.

याचा अर्थ बहुअक्षीय यंत्र चुकतच नाही असा नव्हे. फिरणाऱ्या अक्षाची चूक केंद्रापासून दूर गेल्यावर वाढत जाते. एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यातील एका भागाला विकला म्हणतात. टेबल केवळ १० विकला चुकीचे फिरले तर केंद्रापासून २०० मिलिमीटर अंतरावर सुमारे ०.०१ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून फिरणाऱ्या अक्षांचे केंद्र ठराविक काळाने तपासून यंत्राच्या नियंत्रकात दुरुस्त करावे लागते. उष्णतेचेही तसेच आहे. अर्धा मीटर लांबीचा पोलादी भाग १० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे ०.०६ मिलिमीटरने वाढतो. सांगली-मिरजेकडचा एप्रिल-मे महिना ज्यांनी अनुभवला आहे त्यांना, सकाळी आठला मापात असलेला जॉब दुपारी तीनला मापाबाहेर का जातो, हे वेगळे सांगावयास नको. पत्र्याच्या छपराखाली ऊन थोपविण्याची व्यवस्था करणे, यंत्र थोडा वेळ मोकळे चालवून मगच माल घेणे आणि जॉब थंड झाल्यावर मोजणे, हे साधे उपायही मोठे काम करतात.

कटरची लांबी आणि कल

पाच अक्षांचा आणखी एक लाभ हत्याराच्या बाबतीत होतो. खोल कप्प्यात तळापर्यंत पोहोचावयाचे तर तीन अक्षांच्या यंत्रावर लांब कटर लावावे लागते. लांब काठी जशी टोकाशी लवते तसे लांब कटरही लवते. समान जाडीच्या कटरची बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच जोराखाली ते आठपट लवते, असा यंत्रशास्त्राचा नियम आहे. लवणारे कटर थरथरते, पृष्ठभागावर लाटा उमटवते आणि लवकर मोडते. पाच अक्षांच्या यंत्रावर जॉब किंवा मस्तक कलते करून आखूड कटरनेच आत पोहोचता येते. त्यामुळे जॉब गुळगुळीत होतो व हत्यारही अधिक काळ टिकते.

वक्र पृष्ठभागासाठी गोल टोकाचे कटर वापरतात. हे कटर उभे धरले तर त्याच्या नेमक्या टोकावरील बिंदू फिरत असूनही पुढे सरत नाही. त्याचा कापण्याचा वेग शून्य असतो. तेथे धातू कापला न जाता घासला जातो. कटरला थोडा कल दिला की टोकाऐवजी त्याची बाजू कामास लागते आणि पृष्ठभाग स्वच्छ येतो. ओतकामासाठी लागणारे पॅटर्न आणि साचे करताना याचा मोठा उपयोग होतो. पूर्वी असे पॅटर्न कुशल सुतार लाकडात कोरीत असत. आज लाकूड, प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियम यांपासून ते संगणक-नियंत्रित यंत्रावरही होतात. पॅटर्न चांगला निघाला तर ओतीव मालाचे माप सुधारते व पुढच्या यंत्रकामात कमी धातू कापावा लागतो.

कापण्याचा वेग दुय्यम आहे असा मात्र याचा अर्थ नाही. २० मिलिमीटर व्यासाचे, चार दातांचे कटर बिडावर दर मिनिटाला २५ मीटर वेगाने चालविले तर ते मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेते. कार्बाइडचे तेवढेच कटर १२० मीटर वेगाने चालविले तर फेरे सुमारे १,९०० होतात आणि प्रत्येक दाताला ०.१ मिलिमीटर काप दिल्यास ते मिनिटाला सुमारे ७६० मिलिमीटर पुढे जाते. जुन्या कटरची हीच गती सुमारे १६० मिलिमीटर असते. महागडे यंत्र घेऊन त्यावर जुन्याच सवयीने हत्यार चालविणे, म्हणजे नव्या रस्त्यावर मोटार घेऊन बैलगाडीच्या चालीने जाण्यासारखे होय.

यंत्राचा हिशेब

एवढे सर्व लाभ असले तरी यंत्र विकत घेणे आणि कार्यक्षमता मिळविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुन्हा एक काल्पनिक हिशेब पाहू. कर्जाचे हप्ते, व्याज, घसारा, विमा व देखभाल मिळून एका यंत्राचा वर्षाचा स्थिर खर्च १८ लाख रुपये आहे असे धरा. हे यंत्र वर्षातून ४,००० तास प्रत्यक्ष कापीत राहिले तर तासाला ४५० रुपये पडतात. ते केवळ १,५०० तासच कापीत राहिले तर तोच आकडा १,२०० रुपयांवर जातो. ग्राहक तर दोन्ही यंत्रशाळांना सारखाच दर देतो. पहिली यंत्रशाळा त्या दरात नफा मिळविते. दुसरी त्याच दरात कर्जात बुडते. दोघींचे यंत्र एकच असते. फरक असतो तो तयारीचा.

ही तयारी म्हणजे काय? जॉब पटकन व दर वेळी एकाच जागी बसेल असा पकड-साचा, म्हणजे यंत्रशाळेच्या भाषेतील फिक्स्चर, आधी तयार असणे. हत्यारांची लांबी यंत्राबाहेर मोजून ठेवलेली असणे. संगणकावर कार्यक्रम लिहून, कटर टेबलाला किंवा जॉबला धडकणार नाही याची आधी पडद्यावर खात्री करून घेणे. पाच अक्षांच्या यंत्रात हे विशेष महत्त्वाचे आहे. कारण टेबल व मस्तक दोन्ही वळत असताना कोणता भाग कोठे येईल, हे केवळ नजरेने ओळखणे कठीण असते. एका धडकेत स्पिंडल बिघडले तर दुरुस्तीचा खर्च आणि बंद पडलेले दिवस मिळून महिन्यांची कमाई जाते.

म्हणून नवे यंत्र घेण्यापूर्वी प्रत्येक उद्योजकाने एक सोपी गोष्ट करावी. सध्याच्या यंत्राजवळ एक वही ठेवावी आणि यंत्र केव्हा कापीत होते, केव्हा उभे होते व का उभे होते, याची महिनाभर नोंद करावी. बांधणी, हत्याराची वाट पाहणे, मोजमाप, वीज जाणे, माल न येणे अशी कारणे समोर आली की उपाय आपोआप सुचतात. पुष्कळदा असे आढळेल की तीन अक्षांच्या यंत्रावर एक फिरता टेबल बसविला किंवा चांगले फिक्स्चर केले तरी अर्धा प्रश्न सुटतो. बांधणीचा वेळ मोठा आहे, जॉबला अनेक बाजू आहेत आणि असे काम वर्षभर मिळण्याची खात्री आहे, असे वही सांगत असेल तेव्हा पाच अक्षांच्या यंत्राचा विचार रास्त ठरतो.

कारागीर नाहीसा होतो काय?

संगणकाने यंत्र चालविले की माणसाला काम उरत नाही, अशी भीती वारंवार व्यक्त होते. हातचाके फिरविण्याचे काम गेले, हे खरे आहे. परंतु जॉब कोठे टेकवावा, किती आवळावा, पातळ भिंतीचा जॉब आवळल्याने वाकडा तर होणार नाही ना, कोणती बाजू आधी करावी, कटरचा आवाज बदलला तर काय समजावे, हे निर्णय यंत्र आपणहून घेत नाही. पूर्वी हे ज्ञान कापत असताना वापरले जाई. आता ते कापण्यापूर्वी वापरावे लागते. कौशल्याची जागा बदलली आहे, गरज संपलेली नाही. मात्र जो कामगार केवळ दार उघडून जॉब आत ठेवतो आणि बटण दाबतो, त्याची मजुरी वाढत नाही व त्याची जागा घेणे कोणालाही सोपे असते. जो आरेखन वाचतो, कार्यक्रम समजतो व मोजतो, तो यंत्रशाळेचा आधार होतो. गावातील मुलगा या दोहोंपैकी कोण होणार, हा खरा प्रश्न आहे.

येथेच शिक्षकांचे व संस्थांचे कार्य सुरू होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील कातारी व यंत्रकारागीर हे व्यवसाय दोन वर्षांचे असून त्यांत संगणक-नियंत्रित यंत्रांचा समावेश आहे. परंतु त्याचा पाया शाळेतच घातला जातो. अक्ष, कोन, सहनिर्देशक, त्रिकोणमिती हे विषय विद्यार्थ्यांना पुस्तकी व निरुपयोगी वाटतात. बहुअक्षीय यंत्राचा कार्यक्रम म्हणजे याच गणिताचा वापर होय. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडणारा नववीतला विद्यार्थी वस्तुतः यंत्राला मार्ग आखून देण्याचा पहिला धडा गिरवीत असतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकदा जवळच्या यंत्रशाळेत नेऊन हे दाखविले, तर पुढील वर्षभराचे अध्यापन सोपे होईल. मुलींनाही या सहलींत आवर्जून न्यावे. कार्यक्रम लिहिणे, मोजमाप घेणे व यंत्र चालविणे या कामांत अंगबळापेक्षा एकाग्रतेला महत्त्व आहे.

शिकाऊ उमेदवारीचा अधिनियम १९६१ सालापासून आहे आणि २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भार शासन उचलते. लहान यंत्रशाळांनी उमेदवार घेतला तर त्याला बांधणीपासून कार्यक्रमापर्यंतच्या सर्व पायऱ्या क्रमाने शिकवाव्यात. वर्षभर केवळ माल उचलण्यास लावू नये.

अधिकाऱ्यांच्या व पंचायत सदस्यांच्या दृष्टीनेही काही गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. संगणक-नियंत्रित यंत्राला वीज केवळ उपलब्ध असून भागत नाही, ती स्थिर असावी लागते; क्षणभराच्या खंडानेही चालू जॉब वाया जाऊ शकतो. कारखान्याकडे जाणारे रस्ते, पहाटेच्या व रात्रीच्या पाळीला जाणाऱ्यांसाठी दिवे व वाहतुकीची सोय, यांवरही यंत्राचे तास अवलंबून असतात. कर्जप्रकरणाची छाननी करणाऱ्यांनी केवळ यंत्राच्या किमतीचे पत्रक न पाहता कामाची मागणी, फिक्स्चर, हत्यारे, मोजमापाची साधने व प्रशिक्षण यांची तरतूद आहे की नाही हेही पाहावे. कारण याच बाबी वगळल्या गेल्यामुळे चांगले यंत्र उभे राहते. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळणेही तितकेच आवश्यक आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारांची देयके जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. ही तरतूद अनेक लहान उद्योजकांना ठाऊकच नसते. ती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हेही विकासाचेच कार्य आहे.

किर्लोस्करवाडीच्या माळावर नांगराचा फाळ तयार झाला, तेव्हा तो वापरण्याची तयारी शेतकऱ्याने दाखविली म्हणूनच तो जमिनीत खोल गेला. बहुअक्षीय यंत्राचेही तसेच आहे. कुपवाडच्या एखाद्या यंत्रशाळेत ते कोणत्या दिवशी दाखल झाले, याला फारसे महत्त्व नाही. ते दिवसाकाठी किती तास कापीत राहिले, किती जॉब पहिल्याच वेळी मापात उतरले आणि त्याच्याजवळ उभा असलेला तरुण वर्षअखेरीस काय नवे शिकला, या तीन प्रश्नांची उत्तरेच त्याची खरी कार्यक्षमता सांगतील.